मशीनला दुसऱ्याचा हात

जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यावर मी माझी शिलाईची हातमशीन टॉवेलात गुंडाळून प्रवासाच्या चाकांच्या बॅगेत भरली. विरारच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, खाली रिक्षा मिळते; गोधडीच्या क्लासला जाताना काही उचलावं लागणार नाही, अशी माझी समजूत.

क्लास निर्मळ गावात, शिकवणाऱ्या बाईंच्या घरी. रिक्षा रस्त्यावर सोडते, पुढे केळीच्या वाडीतली मातीची वाट. तिथे चाकं रुतली. बॅग पोटाशी धरून धापा टाकत ओसरीवर पोचले, तेव्हा बाई म्हणाल्या, “कशाला ओढत आणता? माझी मशीन आहे की इथे.”

मी नको म्हटलं. मशीनला दुसऱ्याचा हात लागला की टाका बिघडतो, हे माझ्या डोक्यात पक्कं. घरी सुनेलाही मी कधी मशीनवर बसू दिलं नाही.

असे पाच शनिवार ओझं वाहिलं. सहाव्या शनिवारी क्लास संपल्यावर खांदा वरच होईना. अंगात त्राण नव्हतं, बाईंना नको म्हणायचंही नाही. मशीन तिथेच ठेवून घरी आले.

पुढच्या खेपेला बाई सहज म्हणाल्या, “तुमच्या मशीनवर आमच्या सुनेने पडदे शिवले हां.”

माझं डोकं फिरलं. चिंधी घेतली, टाका घालून पाहिला. सरळ, नेहमीसारखा.

माझ्या सुनेने लग्नानंतर एकदा विचारलं होतं, “आई, मला शिकवाल?”

तिने पुन्हा कधी विचारलं नाही.