चाळीस पानांची वाट

दावा जाड तर वकील मोठा, असा माझा कित्येक वर्षं ठाम समज होता. पक्षकारही तसलेच. वडूजच्या कोर्टाबाहेर चहा पिता पिता फाईल हातावर तोलून बघायचे आणि समाधानानं मान डोलवायचे.

ती म्हातारी मात्र तशी नव्हती. नवरा गेलेला, एकुलता मुलगा सैन्यात, आणि शेतातल्या वस्तीवरून गावात जायची वाट शेजाऱ्यानं काटे टाकून बंद केलेली. म्हणाली, "ह्याच वाटंनं लगीन हून आले मी. मेल्यावर बी हितनंच न्यावं. दुसरं काय न्हाई मागत."

मी चाळीस पानं लिहिली. शेजाऱ्याच्या पणजोबापासून सुरुवात, आणि 'वर नमूद केलेली सदरची वाट' पानोपानी. नमनालाच घडाभर तेल. वाचून दाखवताना तिनं मधेच विचारलं, "आवं वकीलसायेब, ह्यात माझी वाट कवा येती?"

"एकतिसाव्या पानावर," मी खेकसलो.

कोर्टात न्यायाधीशांनी पानं चाळली, चष्मा काढला. "वकीलसाहेब, वाट किती लांब?"

"अडवलेली तेवढी चाळीसेक फूट असेल, साहेब."

"मग ही पानंच अंथरा. मावशी घरी पोचतील."

सगळं कोर्ट हसलं. म्हातारीही पदर तोंडाला लावून हसली. साहेब हसले म्हणजे काम झालं, असं तिला वाटलं. साहेबांनी सांगितलं, दोन पानांत लिहून आणा, आणाल त्याच दिवशी ऐकतो.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी काय शाळकरी पोर, निबंध आखडून लिहायला? फाईल कपाटात टाकली. तीन आठवडे हात लावला नाही. काम अर्ध्या तासाचं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

मग तिच्या मुलाचा फोन आला. आई गेली.

तिरडी ओढ्यातून, लांबून फिरवून नेली. काटे तिथंच होते. मी मागून चिखल तुडवत चाललो होतो. मुलगा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात, वादी मयत झाली म्हणून वारसाचं नाव लावायचा अर्ज दिला. साहेबांनी तो वाचला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. अर्ज चार ओळींचा होता.