मास्तरांचा त्रिकोण

गव्हाणपासून कळंबोलीपर्यंतच्या टापूत जॅझ संगीतापायी भरल्या ताटावरून उठून गेलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू आहे. ताटही साधेसुधे नव्हते. बहिणीचे यजमान येणार म्हणून बायकोने सकाळपासून खपून जिताड्याचे कालवण केले होते. जेवता जेवता मी एवढेच म्हणालो, "भाऊ, ती कॉर्डची खूण तुम्ही त्रिकोणाने काढली काय किंवा इंग्रजी अक्षरांत लिहिली काय, वाजणार तर तेच ना?" साडूंनी हातातला घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "उद्या तू म्हणशील, देवाला हळद लावली काय नि मसाला लावला काय, रंग तं चढतोच!" असे म्हणून ते उठले, हात धुतला आणि जिना उतरून चालते झाले. पाच मिनिटांनी परत आले ते चष्मा विसरला म्हणून. आलोच आहोत तर पुन्हा ताटावर बसले. त्या दुपारी ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, भात मात्र दोनदा मागून घेतला.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे गव्हाणचे. घरची भातशेती होती, मिठागर होते. जमीन नव्या शहरात गेली आणि साडू रोडपालीला तिसऱ्या मजल्यावर आले. तरुणपणी ते गावातल्या लग्नाच्या बँडमध्ये होते. तिथून गिटार शिकले, आणि मुंबईतल्या एका हॉटेलात रविवार दुपारच्या जेवणाच्या वेळी चार जणांचा एक जॅझ बँड वाजवायचा, त्यात शिरले. सोमवार ते शनिवार कळंबोलीच्या लोखंड बाजारात क्रेनखाली उभे राहून पत्रे मोजायचे आणि रविवारी इस्त्रीचा कोट घालून गिटार वाजवायची, असा त्यांचा क्रम वीस वर्षे चालला. त्या बँडचे प्रमुख सॅक्सोफोन वाजवीत. साडू त्यांना 'मास्तर' म्हणतात आणि म्हणताना आपोआप कानाच्या पाळीला हात लावतात.

मला संगीतातले ओ की ठो कळत नाही. जे कळते ते साडूंनी डोके खाऊन कळवलेले आहे. तीन-चार सूर एकदम वाजवले की त्या जुडग्याला कॉर्ड म्हणायचे, आणि कागदावर त्याची खूण लिहायची. साडूंच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू ही एक कॉर्ड आहे. वांग्याच्या भाजीत मीठ कमी पडले तर ते म्हणतात, "मधला सूर नाय हिच्यात." आमच्या सोसायटीचे चेअरमन त्यांच्या मते डिमिनिश्ड, म्हणजे आकसलेले आहेत. आणि माझी मेव्हणी, म्हणजे खुद्द त्यांची बायको? "ती सस्पेंडेड फोर. लटकलेली. कदी सुटंल नि काय बोलंल, सांगता नाय येत." हे ते ताईंच्या समोर म्हणतात. ताई नुसते "हं" करतात. गिटारबद्दल ताईंचे मत संसाराच्या पहिल्या आठवड्यातच ठरले होते: "ते टुंगटुंग बंद करा नि जेवायला बसा." चाळीस वर्षांत त्यात काडीचा फरक पडलेला नाही.

संध्याकाळी आम्ही दोघे फिरायला जातो तो रस्ता ट्रक टर्मिनसवरून जातो. माणसे तिथून नाक दाबून आणि कान झाकून जातात. साडू मात्र तिथे रेंगाळत. एखाद्या ट्रकने भोंगा वाजवला की बोट वर करून थांबत. "ऐक. मेजर. साधा, तीन सुरांचा." दुसरा वाजला की, "हा मायनर. ड्रायवर घरापासून लांब आलाय." एकदा मी शहाणपणा करून विचारले, "आणि हा मेजर सेव्हन्थ का?" तर कीव केल्यासारखे हसले. "ट्रकच्या भोंग्यात मेजर सेव्हन्थ नसतो रं. साधा मेजर म्हंजे पोटभर जेवून दिलेला ढेकर. मेजर सेव्हन्थ म्हंजे पाव्हणे निघून गेल्यावर घर कसं वाटतं, तसं. तो फकस्त मास्तरांकडं. मास्तर त्याचा त्रिकोण काढायचे."

हा त्रिकोणच सगळ्याच्या मुळाशी होता. मास्तरांनी स्वतःची एक चाल बांधली होती. ती कुठे छापली गेली नाही की कुठे ध्वनिमुद्रित झाली नाही. मास्तरांनी गिटारवाल्यासाठी म्हणून एका वहीत तिच्या कॉर्ड लिहून दिल्या होत्या, तेवढीच तिची खूण. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे चार ठोक्यांच्या घरात, चार तिरक्या रेघा, आणि वर कुठे त्रिकोण, कुठे मधून रेघ मारलेला गोल, कुठे छोटीशी आडवी रेघ. चाल स्वतः मास्तर सॅक्सोफोनवर वाजवीत, ती लिहायची कोणालाच गरज वाटली नाही. ही वही साडूंनी डांबरगोळ्या घालून जपली होती. तरी गव्हाणच्या खाऱ्या हवेने शाई खाल्लीच. म्हणून निवृत्तीनंतर साडूंनी ठरवले की सगळी चाल संगणकावर उतरवून काढायची. माझ्या मुलीने त्यांना संगीत लिहायचे एक फुकटचे सॉफ्टवेअर टाकून दिले आणि ती सासरी निघून गेली. पुढचे भोग माझ्या वाट्याला आले.

ते सॉफ्टवेअर आपल्या मनाने इंग्रजी अक्षरे टाकी. साडूंना त्रिकोण हवा. अक्षरे खोडून त्रिकोण आणला तर तो फार मोठा. लहान केला तर रेघेला चिकटे. रेघेपासून उचलला तर ठोक्यावरून ढळे. "दुसऱ्या रेघेच्या डोक्यावर पाहिजे, डोक्यावर! खांद्यावर नाय!" असे ते पडद्याला ओरडून सांगत. एका बोटाने टंकत, आणि दुसऱ्या हाताने माउस असा धरीत की जणू निसटता खेकडा आहे. दसऱ्याला संगणकाची पूजा झाली, झेंडूची माळ पडद्यावरून लोंबत होती, आणि तिच्यामागे अडीच पानांत एकवीस त्रिकोण सुतात बसले होते. साडू ते पेनड्राइव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या संगणकात तो खास फॉन्ट नव्हता. छापून आले ते एकवीस रिकामे चौकोन. दुकानातल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहून आदराने विचारले, "काका, कसला फॉर्म आहे हा? चौकोनात टिक करायची का?" साडू तिथून थेट माझ्या घरी आले, एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात दुकानातल्या कोणाची तरी चप्पल घालून. त्या आठवड्यात त्यांनी घरी प्रिंटर आणला.

मी हे सारे मित्रांना रंगवून सांगत असे. लोक पोट धरून हसत. मग एके संध्याकाळी आम्ही टर्मिनसवरून चाललो असताना ऐन पाठीमागे एका ट्रकने असा भोंगा वाजवला की मी उडालोच. साडू हलले नाहीत. बोटही वर गेले नाही. मी दंडाला धरून ओढले तेव्हा त्यांनी वळून ट्रक पाहिला. थोडे पुढे जाऊन ते चहाच्या टपरीवर बसले आणि म्हणाले, "डावा गेला. उजवा थोडा हाय. डॉक्टर म्हनतो, तोपन जानार. लोखंडानं खाल्ला. म्हनून त्रिकोण पायजे रं. मास्तरांच्या हातचा होता तसाच. उद्या कायच ऐकू येनार नाय, तवा तो कागद समोर धरीन नि डोळ्यांनी ऐकीन." मला त्या दिवशीचे जिताड्याचे जेवण आठवले. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

आणि खरी अडचण वेगळीच होती, तीही त्यांनी त्याच टपरीवर सांगितली. कॉर्ड साऱ्या होत्या, पण चालीचे मधले आठ बार त्यांना आठवत नव्हते. सुरुवात येत होती, शेवट येत होता, मधला तुकडा पुसून गेला होता. बँडमधले बाकीचे दोघे कधीच गेले आणि मास्तरांना जाऊनही वीस-बावीस वर्षे झाली. विचारायचे कोणाला? "कॉर्ड जागेवर बसल्या का चाल आपसूक येईल," असे ते म्हणत. पण उजवा कान असेपर्यंत ती यायला हवी होती.

तेव्हापासून मी चेष्टा सोडली आणि दर रविवारी रोडपालीला जाऊन बसू लागलो. उपयोग शून्य, पण सोबत. साडू ते आठ बार पूर्ण आवाजात वाजवून ऐकत. त्यावर एकेक सूर ठेवून बघत, मान हलवत, खोडत. "नाय. हे नाय." असे तीन-चार महिने गेले. एका रविवारी असेच चालले होते. ताई दारात भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आवो, तितं खाली नाय येत. वर जातं नि थांबतं."

साडूंना ऐकू गेले नाही. मला गेले. मी म्हटले, "ताई, काय वर जातं?" तर त्यांनी वाल सोलता सोलता, लग्नात हळदीची गाणी म्हणतात तशा सपाट आवाजात, गुणगुणून दाखवले. आठच्या आठ बार. मी साडूंच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडलो. ते वैतागून म्हणाले, "हिला काय कळतंय? हिनं कदी ऐकलं?"

"मीच ऐकलं," ताई म्हणाल्या. "गव्हाणच्या जत्रेला मास्तर आलते घरी. तुमी त्यांच्यासाठी जिताडा आनायला खाडीवर गेलात, ते दुपारी आलात. ते ओटीवर बसून सकालपासून तेवढाच तुकडा वाजवीत व्हते. जमत नव्हता त्यांना. शंभरदा वाजवला. चुलीपाशी बसून माजा पाठ झाला."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो मी डोळ्यांनी पाहिला. चाळीस वर्षे तो तुकडा घरातच गप्प बसून होता, कारण त्या बाईला कोणी विचारलेच नव्हते. साडू गिटार घेऊन ताईंच्या शेजारी फरशीवर बसले, हनुवटी गिटारीच्या लाकडावर टेकवली, उजवा कान पुढे केला आणि म्हणाले, "म्हन गो. जोरात."

"शेजारी ऐकतील."

"ऐकू दे. मलाच तेवढं येत नाय, बाकी सगळ्यांना येऊ दे."

ताईंनी किती वेळा म्हटले ते मी मोजले नाही. एकेक सूर गिटारीवर सापडत गेला, एकेक ठिपका पडद्यावर बसत गेला. शेवटच्या बारमध्ये चाल वर जाऊन थांबली, आणि ती जिथे थांबली तिथे नेमका मास्तरांचा त्रिकोण होता. मग साडूंनी सगळी चाल पहिल्यापासून लावली. लावली, पण पडद्याकडे पाठ करून बसले आणि बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. चाल बरोबर आहे की नाही हे ते तिथे वाचत होते. मधला तुकडा आला, गेला. ताईंनी मान हलवली. साडूंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि खोटे कशाला सांगू, माझ्याही. ताई म्हणाल्या, "झालं ना? आता ते टुंगटुंग बंद करा नि जेवायला बसा."

तो कागद आता रोडपालीच्या घरी काचेत लावलेला आहे. वर मास्तरांचे नाव. खाली बारीक अक्षरांत, साडूंनी एका बोटाने टंकलेले: 'मधले आठ बार घरून.' चष्मा लावून ते त्याच्यासमोर बराच वेळ उभे असतात. पाय ठोका धरतो. आपण बोलावले तरी वळत नाहीत, आणि आता त्यांना बोलवायचे म्हणजे खांद्याला हात लावावा लागतो.

फिरायला मात्र आम्ही अजून त्याच रस्त्याने जातो. ट्रकसमोरून ते आता मला हाताला धरून नेऊ देतात. मी भोंग्याने दचकलो की त्यांना ते हातातून कळते. लगेच थांबतात, बोट वर करतात आणि विचारतात, "कुठला हाय रं?" मला आजही मेजर आणि मायनर यांतला फरक सांगता येत नाही. मी त्यांच्याकडे तोंड करून, ओठ नीट दिसतील असे, सावकाश सांगतो, "मेजर सेव्हन्थ." ट्रकच्या भोंग्यात मेजर सेव्हन्थ नसतो, हे त्यांनीच मला शिकवलेले आहे. साडू माझ्याकडे बघतात, हसतात आणि वर केलेल्या बोटाने हवेत एक छोटा त्रिकोण काढतात.