वारा अडवायला मी

फोन आला तेव्हा मी लंडनच्या ईलिंगमध्ये डबल यलो लाइनवर, म्हणजे गाडी लावायला बंदी तिथंच, व्हॅन लावून समोसा खात होतो. अविनाशची मुलगी ईशा. इथंच जन्मलेली, मराठी बेताचं. "काका, बाबा गेले... तुम्ही येतो का?" मी म्हटलं, "पाच मिनिटांत पोचतो." जसं काही पार्सलच टाकायचं होतं. आणि उरलेला समोसा खाऊन मगच निघालो. कुठं रडायचं आणि कुठं खायचं, हे मला कधी कळलेलंच नाही.

मी सातवी नापास, पोट सुटलेला ड्रायव्हर. अविनाश पुण्याचा, कॉम्प्युटरवाला. आमची गाठ पडायचं काही कारणच नव्हतं. एका रविवारी पार्कात हा गवतावर पालथा पडलेला दिसला. मला वाटलं, अटॅक आला. धावत गेलो, काखेत हात घालून उचलला, तर ज्या इवल्याशा फुलाचा तो फोटो काढत होता ते माझ्या बुटाखाली. "अरे गाढवा," तो म्हणाला. या देशात इतक्या आपुलकीनं मला कोणी हाक मारली नव्हती. मी तिथंच बसकण मारली. बसलो तसा वारा अडला आणि शेजारचं दुसरं फूल हलायचं थांबलं. त्यानं एकदा फुलाकडे बघितलं, एकदा माझ्या पोटाकडे. "आता हलू नकोस," म्हणाला. झालं, लागली नोकरी.

फुलाच्या इतकं जवळ गेलं की नुसत्या श्वासानंही फोटो हलतो, हे त्यानंच शिकवलं. त्याची लेन्स जुनी, सेकंडहँड, शंभर एमएमची मॅक्रो, म्हणजे इवलंसं फूलही मोठं दाखवणारी. साठची स्वस्त आणि हलकी मिळत होती, पण तिला फुलाच्या पार नाकाशी जावं लागतं, मग आपलीच सावली पडते, म्हणायचा. कॅमेरा टेकवायला तूरडाळ भरलेली पिशवी, त्याच्या बायकोनं, नंदावहिनींनी शिवलेली. ही डाळ शिजवणार कधी, असं मी एकदा विचारलं, तर वहिनींनी पिशवीला आणखी एक टाका घातला. त्याच्या फोटोक्लबातले लोक फ्लॅश लावायचे. फ्लॅशनं वाऱ्यातलं फूलही जागच्या जागी थिजतं. पण ते प्लॅस्टिकचं दिसतं, हा म्हणायचा. म्हणून मी. वाऱ्याकडे पाठ करायची आणि क्लिक ऐकू येईपर्यंत श्वास सोडायचा नाही. एकदा तो फोकस लावता लावता विचारात पडला, आणि मी जांभळा.

नंदावहिनी गेल्या. मागच्या गार्डनमध्ये फेन्सवर त्यांनी चढवलेली जाई राहिली. या उन्हाळ्यात डॉक्टरांनी अविनाशला सांगितलं, पुढचा बहर काही दिसायचा नाही. मग त्याला जाईचं एक फूल हवं झालं. न तोडता, वेलीवरचंच, पण कडेपासून कडेपर्यंत शार्प... पलंगासमोर लावायला. खुर्चीत बसून फोकस लावायचा, आणि वारा काही थांबायचा नाही. एका संध्याकाळी वारा जरा कमी झाला. त्यानं मान हलवली, मी श्वास धरला... आणि खोकलो. दुसऱ्या दिवशी त्याला ॲडमिट केलं. तोच फोटो हॉस्पिटलात समोर लावला होता. पांढरं, धुरासारखं काहीतरी. मी म्हटलं, "अव्या, घाण केली रे मी." फोटोकडे बघत म्हणाला, "असू दे. नंदा आणि तू, दोघंही आहात यात."

सगळं उरकून त्याच्या घरी आलो तेव्हा ईशानं कपाटातून एक डबा काढला. आत लेन्सभोवती बसवायचा गोल फ्लॅश. मला वाटलं, बिघडलेला असेल. "हे चालतो, काका. मी किती टाइम सांगितलं, यूज इट. बाबा म्हणाले, मग तो काय करेल?" मला हसू आलं, मग ते अर्ध्यातच अडकलं. हा लावला असता तर फोटो आला असता. एका गाढवाला रविवारी काम असावं म्हणून माणसानं शेवटची जाई घालवली. हे बरोबर केलंस का, म्हणून आता भांडू कोणाशी?

अजून रविवारी जातो तिकडं. ईशा दार उघडते, चहा टाकते. जाईची फुलं केव्हाच संपली, नुसत्या काड्या हलतात. मी वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, श्वास धरतो. काडी थांबते. अगदी थांबते... क्लिक काही होत नाही. शेवटी मीच खोकतो.