काळ्या कुड्याचं तेल

वाशीला माझी खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि गॅलरी पश्चिमेला. दुपारनंतर तिथं उभं राहवत नसे, एवढं ऊन. माणसासाठी ती गॅलरी कुचकामाचीच. तेलासाठी मात्र तशी जागा शोधून सापडली नसती, हे मला नंतर कळलं.

नव्वदीची सुरुवात होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर मी कारकून होतो. आईवडील गेलेले, लग्न झालेलं नाही, आणि अंगावर चट्टे. आधी कोपरांवर आले, मग गुडघ्यांवर, मग पाठभर. खपली धरायची, कोंडा गळायचा, काळा शर्ट घालायची सोय उरली नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा आजार संसर्गाचा नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही. मी ते येईल त्याला सांगत असे. लोक मान डोलवायचे आणि हात मागे घ्यायचे. पूर्वी जेवताना माझ्या डब्यातल्या लोणच्यावर सगळ्यांची झडप पडायची. आता लोणचं जसंच्या तसं घरी परत यायचं. कोणी वाकडं बोललं असतं तर चार शब्द सुनावले असते, तोंड काही मला कमी नाही. पण सगळे इतके गोड वागायचे की भांडणार कोणाशी?

माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, महाडला दिलेली थोरली बहीण. आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं. आमच्याकडे भाऊबीजेला नुसतं ओवाळून भागत नाही. पहाटे बहीण भावाला पाटावर बसवते, कोमट तेल अंगभर चोळते, उटणं लावते, मग कढत पाण्याची आंघोळ. ताईचा हात जड. लहानपणी मी कोकलायचो आणि ती पाठीत एक धपाटा घालून आणखी रगडायची. वाशीला राहायला आल्यापासून वर्षात मला कोणी हात लावायचं ते त्याच एका पहाटे. मी त्याची वाट पाहायचो, हे सांगायला आज लाज वाटत नाही.

तेल केलं त्याच्या आदल्या वर्षी मात्र ताई न्हाणीच्या दारातूनच म्हणाली, "पाणी काढलंय रे. तेलाची वाटी आत ठेवलीय. तुझं तूच आटप, मला आज स्वयंपाकाची घाई आहे." तिची दोन्ही मुलं लहान. सासूबाई माजघरात बसून माझ्या कोपरांकडे बघत होत्या. मला कळायचं ते कळलं. ओवाळताना ताईनं माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. जेवून दुपारच्या एसटीनं मी परत आलो.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस पेढीवर तिचा फोन आला.

"काळ्या कुड्याचा पाला खोबरेल तेलात घाल आणि उन्हात ठेव. गॅसवर चढवू नको हं. आपली आत्या करायची बघ."

"तूच करून ठेव की," मी म्हटलं. "मी येऊन नेईन."

ती म्हणाली, "इथं नको रे. तू कर. आणि भाऊबीजेपर्यंत बरा हो."

म्हणजे तिलाही न्हाणीतली ती वाटी खुपत होती. मला तेवढं पुरे होतं.

रविवारी खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी गेलो. कुडा ओळखायला सोपा. देठ मोडला की पांढरा चीक येतो, आणि शेंगा जोडीजोडीनं लोंबतात, टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. मी पिशवीभर पाला आणला, नळाखाली स्वच्छ धुतला आणि बरणीत घालून वर तेल ओतलं. स्वच्छतेची ही हौस नडली. पाण्याचा अंश राहिला आणि दोनचार दिवसांत वर बुरशीची साय धरली. बरणी उघडली तर नाक धरावं लागलं. पुन्हा डोंगर, पुन्हा पाला. या खेपेला पानं कोरड्या फडक्यानं पुसली, हातानंच तोडली आणि बरणीच्या तोंडाला मलमल बांधली.

ऑक्टोबरचं ऊन कामाला आलं. हिरव्या पाल्यातून आधी तपकिरी झाक उतरली, मग लाल, आणि आठवडा सरता सरता तेल पिकल्या जांभळाच्या रंगाचं झालं. पेढीवरून आलो की मी कुलूप उघडून थेट गॅलरीत जायचो. घरात आपली वाट बघणारं काहीतरी आहे, असं वाटायचं. बरणी असली म्हणून काय झालं.

एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

"ओ मिश्टर, ते गॅलरीत काय लावलंय तुमी? लोकं विचारतात, दारूबिरू बनवता काय?"

"तेल आहे."

"मग कलर असा कसा?"

"उन्हानं येतो."

"बघा हां. सोसायटीला टेन्शन नको."

ते तसेच जिना उतरून गेले. कसलं तेल, कशासाठी, एवढं त्यांनी विचारलं असतं तर मी त्यांना आत बसवून चहा पाजला असता आणि तासभर बोललो असतो.

तेलानं गुण दिला. निदान मला तरी दिला. रोज लावायचं, गच्चीवर जाऊन सकाळच्या कोवळ्या उन्हात बसायचं, मग आंघोळ. माझे बनियन, उशीचे अभ्रे, सगळं जांभळट झालं; पण कोपरं मऊ पडली, गुडघ्यांची खपली गेली. राहिली पाठ. एकट्या माणसाला स्वतःच्या पाठीला तेल लावता येत नाही, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली. वरून हात खांद्यापर्यंत जातो, खालून कमरेपर्यंत. मधला भाग बेवारशी. मी उलथन्याला फडकं बांधून पाहिलं, भिंतीवर तेलाचं कापड लावून गुरासारखी पाठ घासून पाहिली. भिंतीचा रंग गेला. दाढीचा आरसा कपाटाच्या आरशासमोर धरून बघायचो, तर चट्टे होते तिथंच.

दिवाळीच्या तोंडावर ताईचा पुन्हा फोन. "हात बरे झाले का रे?"

"झाले. गुडघेही."

"आणि पाठ?"

"पाठ मला दिसत नाही," मी म्हटलं आणि विषय बदलला.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी तेलाची एक बाटली घेऊन महाडला गेलो. मी मुद्दाम बाह्या दुमडून बसलो. सासूबाईंनी कोपरं न्याहाळली. "बरं वाटतंय की हो भाऊ," म्हणाल्या. ताईचा चेहरा उजळला. पहाटे तिनं हाक मारली तर पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती, आणि माझंच तेल तिनं गरम पाण्यात बाटली धरून कोमट केलं होतं.

"बस," ती म्हणाली.

मी शर्ट काढला आणि बसलो. ती माझ्या मागे आली. पाठ तिच्यासमोर होती आणि सासूबाई दारात उभ्या होत्या. मग प्लास्टिकची पिशवी कुरकुरली. मला वाटलं, उटण्याची पुडी सोडतेय. तेवढ्यात पाठीवर हात पडला. गुळगुळीत, बोटंच नसल्यासारखा. मान खाली होती, काखेखालून मला दिसलं. तिनं हातात दुधाची पिशवी चढवली होती आणि मनगटाशी दोरा बांधला होता.

अंगाचा तिळपापड झाला. उठावं, शर्ट चढवावा आणि पहिली एसटी धरावी, असं वाटलं. पण ताई चोळत होती. पूर्वीसारखीच, जीव खाऊन, खांद्यापासून कमरेपर्यंत, एक जागा न सोडता. पिशवी घसरायची, ती सावरायची आणि पुन्हा रगडायची. मधूनच नाक ओढल्याचा आवाज येत होता. प्लास्टिकमधूनही हाताची ऊब कळत होती.

"लागतंय का रे?" तिनं हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "थांबू नकोस."