मुलरूनीसाहेबांचा बिनतोड युक्तिवाद

फिंटन मुलरूनी या आयरिश वकिलाने उभ्या आयुष्यात एकच बाजू जीव ओतून मांडली. ती मांडताना ऊर्मिला त्याच्या शेजारीच उभी होती, आणि नऊ वर्षांची नोकरी त्या दुपारी सार्थकी लागली असं ती अजून म्हणते.

जर्मनीतल्या त्सुफेनहाउझेनपासून एस-बानने, म्हणजे लोकलने, तीन स्टेशनांवरच्या एका लहान गावात, बेकरीच्या वरच्या मजल्यावर त्याचं ऑफिस. व्हिसा, नागरिकत्व, घरमालकांशी तंटे, असली कामं. ऊर्मिला मूळची पुण्याची, नवरा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. ती या ऑफिसात पत्रं टाइप करायची आणि तारखा सांभाळायची. खरं तर साहेबाची अब्रू सांभाळायची. जर्मनीत वकिलाचं सगळं काम फ्रिस्टवर, म्हणजे मुदतीवर चालतं, आणि या गृहस्थाला मुदतीचं नाव काढलं की जांभई यायची.

तेविसाव्या वर्षी तो एका वर्षासाठी हायडेलबर्गला शिकायला आला. तिथे प्रेमात पडला, मग लग्नात पडला, पुढे दोन्हींतून उठला, पण जर्मनीतून काही हलला नाही. वकिली जमत नाही हे कळायला त्याला पंचवीस वर्षं लागली. पुढारीपण जमेल हे मात्र एका दुपारी कळलं. नगरपरिषदेची निवडणूक होती, एका नागरिक-आघाडीला यादी भरायला माणसं हवी होती, आणि हा रिकामाच होता.

प्रचारपत्रक ऊर्मिलानेच टाइप केलं. ‘गरिबीतून आलेला स्थलांतरित’ असं पहिलंच वाक्य. गेल्या वर्षी याच माणसाचा घरभाड्याचा अर्ज तिने टाइप केला होता, त्यात वडिलांची दोन हॉटेलं होती. तिने विचारलं तर म्हणाला, “आजोबा गरीब होते, गेनाऊ! अगदी खरं!” उचलली जीभ लावली टाळ्याला.

‘मी तुमच्यासारखाच बाहेरचा’ हे त्याचं दुसरं पालुपद. ते ऐकलं की ऊर्मिलाच्या मस्तकात तिडीक जायची. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये, त्यामुळे याला बसल्या जागी मतही मिळालं आणि उमेदवारीही. मराठी माणसांना एका मतासाठी भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागला होता. इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष शशिकांतकाका तीस वर्षं इथे इंजिनिअर होते, तरी तो निळा पासपोर्ट देऊन आले तेव्हा दोन दिवस धड जेवले नव्हते.

आणि मयुरेशचं काय झालं? मंडळातल्या त्या पोराचा नागरिकत्वाचा अर्ज नामंजूर झाला, हरकत घ्यायला एक महिना होता. ऊर्मिलाने कागद तीनदा साहेबाच्या टेबलावर ठेवला. साहेब सायकलवर बसून पोस्टरसाठी फोटो काढत हिंडत होते. मुदत गेली, मयुरेश दीड वर्ष मागे गेला. यावर हा निलाजरा पुढच्या सभेत म्हणतो, “बघा, जर्मन नोकरशाही किती क्रूर आहे!”

अशा माणसाला मंडळाने गुढीपाडव्याला फेटा बांधला. त्याने ‘नमस्कार मंडली’ म्हटलं की टाळ्या, श्रीखंड चाटलं की टाळ्या. ऊर्मिलाला आपल्याच लोकांची लाज वाटली. तिथेच त्याने पाहिलं, की काका पाहुण्यांची यादी करताना कागदाच्या माथ्यावर आधी ‘श्री’ लिहितात. अर्थ समजताच गडी स्टेजवर. “मतपत्रिकेवरसुद्धा तुमचं श्री लिहा! हा देश तुमचा आहे!”

इथल्या मतपत्रिका आधी घरी येतात. वर्तमानपत्राएवढा कागद, जेवणाच्या टेबलावर पसरायचा, बावीस मतं हवी तशी वाटायची, एकाला फार तर तीन. सोबत सूचनांची चिठ्ठी असते. ऊर्मिलाने त्यातली ओळ साहेबाला वाचून दाखवली: मतदाराची ओळख पटेल अशी खूण दिसली तर पत्रिका बाद. “आल्झो, म्हणजे वकील कोण आहे?” त्याने विचारलं. हाच प्रश्न तिला नऊ वर्षं पडलेला होता.

सोमवारी सकाळी राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, मोजणी. ती कुणालाही बघता येते. साहेबाने ऊर्मिलाला फोटो काढायला नेलं. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. आघाडीच्या वाट्याला एकच जागा येणार होती आणि ती साहेबाला तरी मिळणार, नाहीतर वाचनालयातल्या फ्राउ ग्योटलिंगला. या बाई भाषणाला उभ्या राहिल्या की चष्माच पुसत बसायच्या. साहेब एक्केचाळीस मतांनी पुढे होता.

फक्त अठ्ठावन्न पत्रिका बाजूला काढलेल्या होत्या. प्रत्येकीच्या माथ्यावर श्री.

मोजणीप्रमुख बाईंनी घडी न उलगडता वरची कड दाखवली. “ही कुणाची सही आहे का? तसं असेल तर या सगळ्या बाद.”

ऊर्मिलाने फोटोसाठी उचललेला फोन खाली घेतला. पासपोर्ट देऊन मिळवलेलं पहिलं मत, आणि या टिकोजीरावाच्या एका भाषणापायी केरात! साहेबाला गप्प बसूनही जागा मिळत होती. पण अठ्ठावन्न गुणिले तीन हा हिशेब त्याच्या डोळ्यांत चमकला. नुसतं निवडून येण्यावर त्याचं भागेना. दणक्यात यायचं होतं.

तो बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी गेला आणि बोलू लागला. आणि काय बोलला! “सही माणसागणिक वेगळी असते. इथे अठ्ठावन्न माणसांनी एकच अक्षर लिहिलंय. जे सगळेच लिहितात त्यावरून एकाची ओळख कशी पटेल?” त्याने कलम सांगितलं, पोटकलम सांगितलं, मग ऊर्मिलाला पुढे केलं. ती म्हणाली, “कोऱ्या कागदावर काहीही लिहिण्याआधी आम्ही हे लिहितो. शुभ म्हणून.” बाईंनी सहकाऱ्यांशी सल्लामसलत केली आणि पत्रिका ग्राह्य धरल्या. साहेबाने कोट नीट केला. “ऊर्मिला, फोटो.”

पत्रिका उलगडल्या. पहिली: ग्योटलिंग, तीन. दुसरी: ग्योटलिंग, तीन. विसाव्या पत्रिकेला साहेबाचा चेहरा पिठासारखा झाला. शेवटी ग्योटलिंग एकशे एकाहत्तर, मुलरूनी एक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

ऊर्मिलाने बाहेर येऊन काकांना फोन लावला. “काका, अहो, फेटा तर त्याला बांधलात!”

“अगं, फेटा पाहुण्याला बांधतात. मयुरेशचा अर्ज दर गुरुवारी बसून कुणी नव्याने भरून दिला? त्या वाचनालयातल्या बाईंनी. आमच्या सगळ्यांच्याच फायली आता तिकडे असतात.”

“मग मला कुणी बोलला का नाहीत?”

“तुझी नोकरी त्याच्याकडे. तुझ्यासमोर त्याला कशाला नावं ठेवायची?”

आपली माणसं भोळी, असं ती इतके दिवस धरून चालली होती. तिला शरम वाटली, आणि हसूही आवरेना. “पण काका, एक मत त्याला पडलंय.”

 पलीकडे काका ओरडले, “प्रभा!”

“अहो, ओरडता काय?” काकूंचा आवाज आला. “पत्रकं वाटत तिसरा मजला चढून आला होता, घामाघूम. पाणी दिलं. म्हटलं, जाऊ दे, एक मतही देऊ बिचाऱ्याला.”