विहिरीचे वाटे आणि चार हात दोरी

पिंपळगावच्या वाटेवर आमचं शेत होतं. तिथली विहीर सासऱ्यांच्या आजोबांनी खोदली, तेव्हा तिच्यावर घर एकच. मी लग्न होऊन गेले तोवर सहा झाली होती. विहीर मात्र होती तेवढीच, बरं का. तिला काही लेकरं झाली नाहीत.

प्रत्येक घराला पाण्याची बारी ठरलेली, दिवसाला दोन घरं. सकाळी आठ ते बारा एक घर, बारा ते चार दुसरं. इंजिन सामाईक, आणि निंबाच्या खुंटीला गजराचं घड्याळ टांगलेलं. पाऊस बरा होता तोवर कुणाची तक्रार नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात मात्र सकाळच्या बारीतच विहीर तळाला जाऊ लागली. दुपारवाल्याच्या वाट्याला पाइपातला नुसता वारा.

माझं कांद्याचं रोप होतं, दोन वाफे. शेंडे पिवळे पडलेले. त्या दिवशी पाणी मिळालं नसतं तर रोप गेलंच होतं, आणि दुसरं बी आणायचं कुठून? आमचे मालक खडी फोडायच्या कामावर गेलेले. बारी माझी दुपारची. सकाळची थोरल्या चुलत जावेची. तिला चार मुलगे, आणि पाचव्यांदा सातवा महिना चाललेला.

मी दहालाच विहिरीवर जाऊन उभी राहिले. पाण्याखालचा एकेक दगड उघडा पडत होता.

"आत्ता कुठं दहा वाजलेत," ती म्हणाली.

"बाराला पाणी उरायचं नाय, बाई."

"मग मी काय करू? माझी चार लेकरं हायेत. तुझ्या दोनच पोरी. मला जास्त नको का?"

"चौघांची उद्या चार घरं होतील. आणि हे पाचवं? त्याला काय पाण्याच्या वासावर ठेवता?"

बोलले आणि जीभ चावली. पोटुशी बाईला असं बोलतात का? ती पोटावर हात ठेवून उभी राहिली. इंजिन चालूच होतं.

मी पोहऱ्याची दोरी घेतली, दगड बांधून तळाला सोडली, वर ओढली. चार हात ओली होती. ओल्या भागाच्या मधोमध गाठ मारली.

"घड्याळ राहू द्या. गाठीच्या वरचं तुमचं, खालचं माझं."

तिनं दोरी हातात घेतली. मला वाटलं, फेकून देते आता. तिनं गाठीच्या वरची, आपल्या वाट्याची दोन हात दोरी मोजली, मध्ये दुमडली, पुन्हा दुमडली.

"चौघांत एकेकाला वीतभर," ती म्हणाली. मग पाचव्यासाठी आणखी दुमडायला गेली, पण ओली जाड दोरी दुमडेना. हातातून सुटून उलगडली.

मग दर थोड्या वेळानं तीच दोरी सोडून बघायची. अकराच्या सुमारास दगड तळाला टेकला तरी गाठ पाण्यावरच राहिली. तिची अजून तासभर बारी होती. तिनं वाकून इंजिन बंद केलं.

"घे. तुझं रोप भिजव."

माझा एक वाफा पुरा भिजला, दुसरा अर्धा. तेवढं रोप जगलं. पाणी संपेपर्यंत ती काठावरच बसून होती, दोरी मांडीवर घेऊन. गाठ तिनं सोडली नव्हती.