वापर सुरू आहे

सकाळचे अकरा. नगरपालिकेचं सभागृह, वरचा मजला. पंखे तीन, त्यातला फिरतोय एक, आणि तो नगराध्यक्षांच्या डोक्यावर. विषयपत्रिकेवर विषय बेचाळीस. ते सगळे मंजूर व्हायला लागलेला वेळ: माझा चहा गार होईपर्यंतचा!

सातारा-सांगली पट्ट्यात मी पंचवीसेक वर्षं बातमीदारी करतोय. छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं एका कपाटात मावतात. न छापलेल्यांना मात्र जागा पुरत नाही. त्या डोक्यात साठत जातात आणि चार मित्र जमले की भसाभसा बाहेर पडतात. संपादक म्हणतात, "यात बातमी कुठाय?" बरोबर आहे. बातमीला पुरावा लागतो. किश्शाला साक्षीदार पुरतो, आणि तो मी होतो!

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची दहा गावं रुसतील, "आमचं का नाही लिहिलं?"

तर त्या सभेत पहिला विषय शोकप्रस्तावाचा होता. विरोधी पक्षनेते उशिरा आले, मोबाईल कानाला. "विषय क्रमांक एक" एवढंच त्यांच्या कानावर पडलं आणि सवयीनं हात वर गेला. "आमचा विरोध! नोंद घ्या!"

लिपिक वाकून म्हणाला, "साहेब, शोकप्रस्ताव आहे."

"कुणाचा?"

"तुमच्या चुलत सासऱ्यांचा."

नेत्यांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "विरोध कायम ठेवा!"

त्याच सभेत कुणीतरी विचारलं, भाजी मंडईतल्या महिला स्वच्छतागृहाचं काय झालं? अभियंत्यांनी फाईल न उघडता उत्तर दिलं, "काम पूर्ण. वापर सुरू आहे."

मला ठसका लागला. सकाळी मंडईतूनच आलो होतो. दाराला नारळाएवढं कुलूप होतं!

*

हे स्वच्छतागृह आमच्या गावातली सगळ्यात जास्त उद्घाटनं झालेली इमारत आहे. गुलाबी रंग, वर पत्रा, बाहेर फुलाचं चित्र.

पहिलं लोकार्पण त्या वॉर्डाच्या नगरसेवकानं केलं. त्याला गाव भाऊ म्हणतं. फीत कापली, फोटो झाले, कुलूप तसंच. "किरकोळ कामं राहिलीत," भाऊ म्हणाला. मग भाऊनं गट बदलला. नव्या गटाचा पहिला कार्यक्रम काय? तर त्याच इमारतीचं लोकार्पण! नवी फीत, जुनं कुलूप. पुढं निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, भाऊ माजी झाला. माजी झालेल्या माणसाला उद्घाटनाची तल्लफ जास्त येते. तिसऱ्यांदा फीत कापली. यावेळी फीत बांधायला कुलपाच्याच कडीचा उपयोग केला होता!

समोरच पारूमावशी बसते. आष्ट्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरनं सकाळी सहाच्या टेम्पोनं मेथी-कोथिंबीर घेऊन येते, दिवेलागणीला परत जाते. तिच्या रांगेत अशा बऱ्याच बायका. गडीमाणसं भिंतीच्या आडोशाला जातात. बायकांनी यावर एकच उपाय शोधलाय: दिवसभर पाणी प्यायचं नाही. मे महिन्यातसुद्धा!

मावशीला मूतखडा झाला. आठवडाभर दवाखान्यात होती. परत आली तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणतोय, रोज तीन तांबं पानी पी. पिती की! पर पिऊन जाऊ कुठं? त्येच्या दवाखान्यात?"

आणि मग नेहमीचा प्रश्न. मी दिसलो की ती तो विचारतेच. "आवं पेपरवालं, कुलूप कवा काढनार?"

मी तीनदा बातमी छापली. तिसऱ्या बातमीनंतर मुख्याधिकाऱ्यांचा फोन आला. "तुमची बातमी एकतर्फी आहे."

मी म्हटलं, "साहेब, कुलूपही एकतर्फीच आहे. बाहेरून!"

त्या महिन्यापासून आमच्या पेपरला नगरपालिकेची जाहिरात बंद.

*

आता ज्ञानूआप्पांची ओळख करून देतो. नगरपालिकेतले सगळ्यात जुने शिपाई. भूमिपूजनाचं साहित्य त्यांच्या ताब्यात असतं: फीत, कात्री, कोनशिलेवरचा पडदा, आणि चंदेरी रंग दिलेली एक कुदळ. दांड्याला लाल रिबन. वीस वर्षांत तिनं गावातल्या प्रत्येक गल्लीला शिवून पाहिलंय, खणलं मात्र काही नाही.

विकासकामांची खरी नोंद अभियंत्याकडं नसते, आप्पांकडं असते. एका गटारीच्या भूमिपूजनाला ते माझ्या कानाशी लागले. "सायेब, ह्या गटारीचा ह्यो तिसरा नारळ. फोडल्याल्या नारळांच्या करवंट्या जरी टाकल्या असत्या, तरी गटार बांधून झाली असती!"

एकदा सकाळी मुख्य पाईपलाईन फुटली. रस्त्यावर कारंजं. पाणीपुरवठ्याचे कामगार धावत कार्यालयात आले, अवजारांची खोली बंद, किल्लीवाला रजेवर. एकाची नजर नगराध्यक्षांच्या केबिनमधल्या कुदळीवर गेली.

आप्पा दारात आडवे झाले. "हात लावायचा न्हाई! ती कामाची न्हवं, कार्यक्रमाची हाय!"

पाणी दुपारपर्यंत वाहत होतं. कुदळीवर ओरखडा नाही!

*

भाऊनं वॉर्डात बाकडी बसवली. स्टीलची, पाठीवर वरच्या ओळीत गटाच्या साहेबांचं नाव, खाली भाऊचं. बसणाऱ्याच्या पाठीत नाव उमटायचं, एवढी मोठी अक्षरं. ही बाकडी कुपवाडला बशीरभाईच्या शेडमध्ये तयार झाली. मी कशासाठी तरी तिकडं गेलो होतो, तर बशीरभाई जुन्याच बाकड्यांवर काम करत होता.

"मोडली काय रं एवढ्यात?"

"बाकडी न्हाई मोडली. भाऊ मोडला! त्या गटातनं ह्या गटात आला. आता वरच्या ओळीतल्या साहेबांचं नाव काढून ह्या साहेबांचं घालायचं हाय. चौथ्यांदा!"

"मग दरवेळी कापून पुन्हा वेल्डिंग करतोस?"

बशीरभाईनं मास्क वर केला. "पयल्यांदा केलं. आता शाना झालोय. भाऊचं नाव वेल्डिंग, साहेबांचं नटबोल्टवर!"

*

मंडईकडं जाणाऱ्या रस्त्यावर इतके खड्डे, की रिक्षावाला आधी देवाचं नाव घेतो, मग गिअर टाकतो. त्या रस्त्यावर पालिकेनं काय करावं? गतिरोधक घातला! नेमका भाऊच्या मेव्हण्याच्या चहाच्या टपरीसमोर.

मी अभियंत्यांना गाठलं. "या रस्त्यावर गाडी पळतच नाही, मग रोखता कुणाला?"

अभियंते शांतपणे म्हणाले, "तुम्ही पत्रकार लोक प्रत्येक गोष्टीत वाईट बघता. जाऊन बघा, त्या अख्ख्या रस्त्यात डांबर नीट पडलंय ते तेवढ्याच ठिकाणी."

गेलो, बघितलं. खरं होतं! माणसं खड्डे चुकवायला गतिरोधकावर येऊन उभी राहत होती. आणि उभी राहिली की चहा घेत होती.

*

स्वच्छतागृहावर ओरड वाढली तेव्हा नगरपालिका गप्प बसली असं कुणी म्हणू नये. अभ्यासदौरा काढला. विषय: सार्वजनिक स्वच्छतागृहांचं व्यवस्थापन. स्थळ: गोवा!

नगरसेवक आणि अधिकारी चार दिवस जाऊन आले. तोंडं रापलेली, अंगात फुलाफुलांचे शर्ट. मी माहितीच्या अधिकारात दौऱ्याचा अहवाल मागितला. दीड महिन्यानं एक पान हातात पडलं. वरती सगळ्यांच्या सह्या, खाली सगळ्यांच्या सह्या, मध्ये एक वाक्य.

"समुद्र स्वच्छ आहे."

पारूमावशीला हे वाचून दाखवलं. तिनं कोथिंबिरीची जुडी बांधता बांधता विचारलं, "मग आमी आता हागामुतायला गोव्याला जायाचं व्हय?"

*

मग मीच ठरवलं, किल्ली शोधायची. बातमी बाजूला, आधी किल्ली!

बांधकाम विभाग म्हणाला, "इमारत आम्ही आरोग्य विभागाकडं दिली, किल्ली त्यांच्याकडं." आरोग्य विभाग म्हणाला, "कागद आला. किल्ली आलीच नाही." भाऊला विचारलं, तर भाऊ छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी फीत कापणारा माणूस. किल्लीशी आपला काय संबंध?"

उरला ठेकेदार. तो कोयनानगरला दुसऱ्या कामावर. फोनला रेंज नाही. शेवटी मोटरसायकल काढली, घाटातली वळणं मोजत गेलो, आणि एका अर्ध्या भिंतीवर उभा असलेला गाठला.

"मंडईच्या स्वच्छतागृहाची किल्ली द्या."

तो खाली उतरला. हात धुतले. माझ्यासाठी चहा सांगितला. आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या ठेकेदाराचं बोलणं मला शंभर टक्के खरं वाटलं.

"साहेब, ते कुलूप मी लावलेलंच नाही. टेंडरमध्ये कुलूप नव्हतं!"

*

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपारचे चार. भाजी मंडई. स्वच्छतागृहासमोर मांडव.

चौथं लोकार्पण नव्हे. एवढी लाज होती. हे होतं स्वच्छतागृहासमोर पेव्हर ब्लॉक बसवण्याचं भूमिपूजन! दार बंद, पण दारापर्यंत जायचा रस्ता चकाचक.

नारळ फुटला, कुदळ जमिनीला टेकली, टाळ्या झाल्या. ज्ञानूआप्पांनी कुदळ स्वच्छतागृहाच्या भिंतीला उभी केली आणि पेढे वाटायला घेतले. भाऊनं माईक धरला. विषय: महिलांचा सन्मान.

"माझ्या मायमाऊल्यांनो," भाऊ म्हणाला, "तुमच्या अडचणी मला घरच्यासारख्या आहेत!"

पारूमावशी त्या दिवशी सकाळपासून दोन तांबे पाणी प्यायली होती. दवाखान्यातनं पुन्हा ताकीद मिळाली होती म्हणून. तिचा चेहरा मला दिसत होता. दोनदा ती उठली आणि परत बसली. तिसऱ्यांदा उठली ती सरळ भिंतीकडं गेली आणि कुदळ उचलली.

आप्पा ओरडले, "मावशे! मावशे, ती कार्यक्रमाची हाय!"

"मग कार्यक्रमच करतीया!"

पहिला घाव कडीवर. चंदेरी रंगाचा टवका उडाला. माईकवर भाऊचं "सबलीकरण" अर्ध्यावर तुटलं. दुसऱ्या घावाला कुलूप खाली. रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीनं शिट्टी मारली, देवाशप्पथ!

मावशी आत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

भाऊ माईकची वायर गुंडाळतोय, अभियंते पेव्हर ब्लॉक मोजतायत, मुख्याधिकारी मोबाईल बघतायत. पन्नास माणसं एका बंद दाराकडं बघत उभी. मग आतून नळाचं पाणी पडल्याचा आवाज आला, आणि बायकांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आगं बया, पानी बी हाय!"

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. दार सताड उघडं ठेवलं. आत आम्हाला सगळं दिसत होतं. पांढऱ्या फरशा, आरसा, खुंटीला टॉवेल, बादली, त्यात मग. झाडून पुसून लख्ख!

मावशीच्या तळहातावर साबणाची वडी होती. चंदनाची, अर्धी झिजलेली.

"ह्यो कुनाचा साबन हाय रं?" तिनं विचारलं. "म्या हात लावायच्या आदीच वला हुता."

भाऊनं अभियंत्यांकडं बघितलं. अभियंत्यांनी मुख्याधिकाऱ्यांकडं. मुख्याधिकाऱ्यांनी आप्पांकडं. आप्पांनी पेढ्यांच्या बॉक्सकडं.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेनं मावशीविरुद्ध तक्रार दिली: सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान, कुलूप एक. कॉन्स्टेबल पंचनाम्याला आला. नवा पोरगा होता, अजून नोकरीत मुरला नव्हता. जे दिसेल ते लिहीत गेला. आम्ही दोन पंच, मी आणि बाजूचा कांदेवाला.

त्या पंचनाम्याची प्रत माझ्याकडं आहे. शेवटून दुसरी ओळ अशी: "साबण, नग एक, वापरातील."

कुलपाबद्दल मावशीवर केस सुरू आहे. तारखेला जाताना ती पाण्याची बाटली घेऊन जाते. साबण पोलीस ठाण्यात, कागदात गुंडाळून ठेवलाय. तो कुणाचा, हे सांगायला अजून कुणी आलेलं नाही.